चौथ्या ओळीतलं पान

"मुकादम म्हणतो, फवारलंच नाही. मग माझ्या आईच्या तोंडाला फेस काय ऊन लागून आला?" ढब्बू दवाखान्यातून मळ्याकडे सायकल अशी हाणत होता की मागे बसलेल्या कात्रीची हाडं खिळखिळी झाली.

कात्री त्याची मावसबहीण, सुट्टीला आलेली. जीभ तशी म्हणून नाव तसं. सकाळी मळ्यात कोसळलेली मावशी दवाखान्यात घामाने निथळत पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी उचलून दाखवली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली.

"हे ऊन नाही, विष आहे," त्या म्हणाल्या. "उपचार सुरू केलेत. पण कोणतं विष ते कळलं तर पुढचं औषध नेमकं देता येईल. वेळ कमी आहे."

मळा लिंबांचा, पण फळांसाठी नव्हे, पानांसाठी. छातीएवढी छाटलेली, बारमाही हिरवी झुडपं. पान चुरगळलं की वासाने जीव सुखावतो, आणि तोडायला हात घातला की काटा रक्त काढतो. काटा रुतला की बोट तोंडात, ही पानं तोडणाऱ्या सगळ्या बायकांची सवय. म्हणून तर नियम होता: फवारलेल्या ओळीला लाल फडकं बांधायचं, सात दिवस तिकडे कुणी फिरकायचं नाही.

फडकं नवव्या ओळीला होतं. ती ओळ पार बोडकी.

"पानंच नाहीत तिथे फवारलं कशावर? काट्यांवर?" कात्री पुटपुटली.

ढब्बू चौथ्या ओळीशी थांबला. आई इथेच पडली होती. पहिल्याच झुडपाच्या काट्यांत लाल दोरे अडकलेले. फडकं इथलंच होतं. कुणीतरी घाईघाईने ओरबाडून तिकडे नेलं होतं.

"फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप आहे. फोडू?" ढब्बूने विचारलं.

"फोडलंस तर चोर आपणच ठरू. त्याच्याच तोंडून काढू."

तिने हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि एक डहाळी कापली.

मुकादम टोपल्या गाडीत चढवून घेत होता. नेहमीसारखं लिंबाचं पान चघळत. बायका पाठ टेकून बसल्या होत्या.

"काका, हे घ्या ताजं पान. चौथ्या ओळीतलं."

तो एक पाऊल मागे सरला. "खेळ लावलाय का इथे? पळ."

"फवारलं नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

"मग खा."

बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी शांतपणे म्हणाली, "खा की रे बाबा. आम्ही सकाळपासून बोटं चोखतोय."

मुकादमाच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "मालकांना आजच माल हवा होता," तो कसाबसा म्हणाला. "दोन दिवस झाले होते की फवारून."

सातातले दोन. बाई मेली असती तर हाच हिशोब सांगितला असता त्याने. म्हातारीने हात पुढे केला, त्याने त्यावर खोलीची किल्ली ठेवली. बायकांनी टोपल्या गाडीतून खाली ओढल्या. खोलीतली फवारणीची बाटली पिशवीत घालून दोघं दवाखान्याकडे सुसाट सुटली.

डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि नर्स इंजेक्शन घेऊन धावली. दाराशी मालक उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"शाबास, पोरांनो. हुशार आहात. आता हे बाहेर बोलू नका हं. मळ्याचं नाव जाईल."

"शाबासकी ठेवा तुमच्याकडेच," कात्री म्हणाली. "चौथ्या ओळीत आणखी अकरा बायका होत्या. त्यांनीही बोटं चोखलीत."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "ऐकलंत? तुमची गाडी काढा. आत्ता."

मालकाने तीन खेपा मारल्या. शेवटच्या खेपेत म्हातारी आली. घामाने निथळत होती, पण तिने आधी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरांनो, आम्ही विचारायला हवं होतं, ते तुम्ही विचारलंत."

आत मावशीचा श्वास हळूहळू एका लयीत येत होता. ढब्बू कॉटच्या लोखंडी दांड्याला डोकं टेकून तेवढाच ऐकत बसला होता.