फिडलसाठी सोडलेली जागा

डार्ला प्रुइट स्टेजवरून खाली उतरत होती आणि ग्रेडी टटल वर चढत होता. नॅशव्हिलमधल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये दुपारी दोनला पाळी बदलते. एक बँड वायरी गुंडाळतो, दुसरा आपल्या उलगडतो, आणि त्या गडबडीत कुणी कुणाकडे बघत नाही. डार्लाही बघत नव्हती. सकाळपासून उभं राहून तिचे पाय बुटांत सुजले होते.

"ऐक ना," तो म्हणाला, "तुला वरचा सूर धरता येतो?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. माझी जोडीदारीण आज ड्रमवाल्याबरोबर फ्लोरिडाला पळाली."

"मग ड्रमही मीच वाजवू का?"

"नको, फक्त गा. एकच गाणं."

"पाय दुखतायत माझे."

"पायांनी नाही गायचं गं…"

बोलणं काही फार हुशारीचं नव्हतं. पण तो हसला तेव्हा तिला त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, अगदी तिच्यासारखीच. का कोण जाणे, तिला बरं वाटलं. ती एका गाण्यापुरती थांबली — आणि चार वर्षं थांबूनच राहिली.

ती ताल मोजत नसे. ओळ सुरू करण्याआधी ग्रेडी श्वास घेई, तो तिला ऐकू येई, आणि त्या श्वासाबरोबर ती आपला श्वास घेई. बस्स, एवढंच. लोक म्हणत, दोघं एकाच गळ्यातून गातात.

आणि लोक आणखीही एक विचारत. रोज, प्रत्येक पाळीत कुणीतरी बिअरचा ग्लास उंचावून ओरडायचंच, "तुम्ही नवरा-बायको आहात का?"

मग ग्रेडी माइकमध्ये सुस्कारा सोडायचा. "मी तर रोज मागणी घालतो हो. पण हिला केस धुवायचे असतात!"

"ह्याने आधी स्वतःचे धुवावेत," डार्ला म्हणायची.

हशा पिकायचा, स्टेजसमोर ठेवलेली टिपांची बरणी नोटांनी भरायची. 'माझं हिच्यावर प्रेम आहे' हे वाक्य ग्रेडीने तिला हजारदा ऐकवलं असेल, पण प्रत्येक वेळी शे-दीडशे माणसांसमोर. सुरुवातीला तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. हळूहळू ते थांबलं. ते वाक्य आता तिच्या बुटांच्या टाचांसारखं झिजलं होतं.

म्हणून तिने ठरवून टाकलं होतं. पहिला अल्बम पुरा करायचा आणि गावी, कुकव्हिलला परत जायचं, मावशीच्या फुलांच्या दुकानात. सोमवारी. ग्रेडीला तिने तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला, "फुलांना काय गाऊन दाखवशील?" झालं. पुन्हा विनोदच.

अल्बममधलं शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं. शहराच्या बेरी हिल भागातल्या एका बैठ्या घरात मिस नेल्डाचा स्टुडिओ होता. मिस नेल्डा साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेल्या, आणि सगळ्या गाणाऱ्यांना 'पोरांनो' म्हणणाऱ्या. ग्रेडी आदल्या आठवड्यातच आपला भाग गाऊन गेला होता. आता सकाळच्या वेळी डार्ला एकटी काचेच्या खोलीत उभी होती, कानांत त्याचा आवाज घेऊन, आणि दर वेळी ओळ उशिरा उचलत होती.

"पोरी, झोप झाली नाही का?" मिस नेल्डांनी काचेपलीकडून विचारलं.

"झोप चार वर्षं झाली नाही, मिस नेल्डा. पण ते नाही… ह्यात तो श्वासच घेत नाहीये."

"मी काढून टाकलेत त्याचे श्वास. हल्ली सगळे तसंच करतात. स्वच्छ वाटतं."

"मला नाही गाता येणार. परत घाला ना."

मिस नेल्डा पुटपुटल्या, पण त्यांनी मूळचं गाणं लावलं. पहिला श्वास आला आणि डार्लाचे खांदे आपसूक सैल झाले. ती गायली, न चुकता. मग दुसऱ्या कडव्यानंतर एक मोकळी जागा आली. तिथे नंतर फिडलचे, म्हणजे व्हायोलिनचे, सूर भरायचे होते, दोघांनाही काहीच गायचं नव्हतं.

आणि त्या मोकळ्या जागेत ग्रेडीने श्वास घेतला. खोल, जरासा थरथरता. मग तो तसाच धरून ठेवला… आणि हळूच सोडून दिला.

"हे काय आहे?"

"चूक," मिस नेल्डा म्हणाल्या. "पण मजा बघ, दर वेळी तिथेच करतो." त्यांनी त्याचे बाकीचे प्रयत्नही लावून दाखवले. प्रत्येकात, त्याच जागी, तोच श्वास. काहीतरी बोलायला घेतलेला आणि न बोलता टाकून दिलेला. बारमध्ये फिडलच्या आवाजात तिला तो कधी ऐकूच आला नव्हता.

डार्लाने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि ती बाहेर आली. तिला पाळीवर घेऊन जायला आलेला ग्रेडी पायरीवर बसून तिखट कोंबडी खात होता. बारीक पाऊस पडत होता आणि त्याची एक बाही भिजली होती.

"फिडलच्या जागेत श्वास कशाला घेतोस?"

त्याचा हात तोंडाशीच थांबला. "जगायला… डॉक्टर म्हणाले, घ्यावा."

"ग्रेडी, इथे कुणी बरणी ठेवलेली नाहीये."

त्याने कोंबडी बाजूला ठेवली. तो बोटं पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

"स्टेजवर तिथे तू माझ्याकडे बघतेस," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण गाण्यात तेवढंच. म्हणून दर वेळी, इथे एकटा गातानाही, वाटतं, आता सांगावं. मग वाटतं, सांगितलं की लोक हसतील. तूही हसशील. ते वाक्य मीच वापरून वापरून वाया घालवलं, डार्ला. दुसरं मला सुचत नाही."

"चार वर्षं सुचलं नाही?"

"थकलोय गं. तुझ्याइतकाच."

ती त्याच्याशेजारी बसली. त्याची भिजलेली बाही तिच्या हाताला लागली, गार. तिने हात काढला नाही.

"सुचायला नकोच काही," ती म्हणाली. "आत चल. एकाच खोलीत, एका माइकसमोर गाऊ."

मिस नेल्डांनी कुरकुर केली, की हल्ली असं कुणी करत नाही. पण माइक लावला. दोघं समोरासमोर उभे राहिले. फिडलच्या जागेत त्याने श्वास घेतला तेव्हा तिनेही घेतला, आणि दोघांनी तो एकदमच सोडला.

"हा श्वास काढू?" मिस नेल्डांनी विचारलं.

"नाही!" दोघंही एकाच सुरात म्हणाले.

दुपारी दोनला पाळी बदलली. एक बँड वायरी गुंडाळत होता, हे दोघं आपल्या उलगडत होते. तिसऱ्या गाण्यानंतर ओहायोहून आलेल्या, डोक्यावर गुलाबी टोपी घातलेल्या एका बाईने ग्लास उंचावला. "तुम्ही नवरा-बायको आहात का?"

लोक ग्रेडीकडे बघू लागले. त्यांच्या बँडचा फिडलवाला तर आधीच हसायच्या बेतात होता. ग्रेडीने माइककडे बघितलं, डार्लाकडे बघितलं — आणि नेहमीचा सुस्कारा सोडलाच नाही. त्याचे कान लाल झाले होते.

डार्लाचे पाय दुखत होते. ती माइकजवळ सरकली.

"अजून नाही," ती म्हणाली.

कुणीही हसलं नाही.