कूलरचं काळं गवत

“काहून वं प्रेमिला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी भी सुनेले रडवलं?”

पांढरी साडी नेसून दारात उभ्या असलेल्या शेजारच्या पुष्पलताबाईंनी हे हसत हसतच विचारलं, पण ते हसू प्रेमिलाबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलं! खिरीचं पातेलं उतरवता उतरवता त्यांनी सुनेकडे पाहिलं. पायलचे डोळे लालभडक झाले होते, पाणावले होते, दारातून येणाऱ्या उजेडानेसुद्धा मिटू पाहत होते.

“रडून नाई राहिली मावशी,” पायल म्हणाली. “डोळ्याचा आजार हाय मले.”

“आजार तं नरखेडलेच बरा होते!” प्रेमिलाबाई फणकारल्या. “मायकी गेली का डोळे काचेसारखे साफ, कन्हानात पाय ठेवला का लाल! मले समजत नाई का? या घरात जीव रमत नाई, तं सरळ सांग ना वं पोरी. लोकाईसमोर मले काहून बदनाम करून राहिली?”

“आई, ऐकून तं घ्या...”

पण त्या थांबल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून पुष्पलताबाईंबरोबर विहाराकडे निघून गेल्या.

पायल भिंतीला टेकून उभी राहिली. सासूबाई खोटं बोलल्या असत्या तर तिला इतकं लागलं नसतं. पण त्यांनी पाहिलं होतं ते अगदी खरं होतं! माहेरी डोळे निवळत, सासरी पेटत. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र चुकला होता, आणि तो चुकीचा अर्थ या घरातल्या दोन बायकांमध्ये भिंतीसारखा वाढत चालला होता...

धंतोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी रोगाचं नाव सांगितलं होतं, यूव्हिआयटिस, डोळ्याच्या आतली सूज. “असे झटके येत राहिले तर नजर कायमची अधू होऊ शकते,” त्या म्हणाल्या होत्या. “थेंब मनाने बंद करायचे नाहीत. आणि राहता कुठल्या हवेत, तेही बघा. हा आजार धुळीने होतो असं मी म्हणणार नाही. पण धूळ, धूर, कोरडी गरम हवा काही जणांमध्ये तो भडकवते असं दिसतं.”

पायलने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, एकदा घडलं म्हणून ते कारण मानायची तिला सवय नव्हती. तिने नीट विचार केला. नरखेडला ऊन असंच भाजून काढणारं, थेंबही तेच. मग बदलत होतं काय? तिथे खाटेभोवती संत्र्याची बाग होती. इथे तिच्या खोलीच्या खिडकीखाली कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, आणि त्याच खिडकीत बसवलेला कूलर! कूलरच्या जाळीतलं ओलं गवत निदान थोडी धूळ तरी धरून ठेवतं. पण नळ आटले, टाकी कोरडी पडली, की रस्त्यावरची सगळी भुकटी त्या गवतातून थेट तिच्या उशीवर येई.

हे तिला कळलं होतं, तरी ती गप्प होती. कारण तो कूलर प्रेमिलाबाईंचा होता! पहिला झटका आला तेव्हा त्यांनीच आपल्या अंगणाकडच्या खिडकीतून तो काढला, घामाघूम होत मुलाच्या, नागसेनच्या मदतीने इकडे लावला. “पोरीच्या डोळ्याले थंडावा मिळन,” म्हणाल्या, आणि स्वतः तापल्या पत्र्याखाली ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपू लागल्या. अशा मायेला कसं सांगायचं, की आई, तुमची मायाच माझे डोळे जाळते आहे? त्यापेक्षा तोंड फिरवून झोपणं तिने पत्करलं होतं...

पण आज ती हलली. डोळे गेले आणि उद्या कुणी सासूबाईंना कारण सांगितलं, तर त्या म्हाताऱ्या जीवाने ते ओझं कसं वाहायचं? नाही, आता गप्प राहणं हेच क्रौर्य होतं! तिने कूलरचं बटण बंद केलं, गादी उचलली आणि अंगणाकडच्या खोलीत नेऊन टाकली. आल्या की सांगायचं. आजच.

पण प्रेमिलाबाई आल्या त्या विहारातल्या बायकांची कुजबुज मनात घेऊनच. बंद कूलर पाहिला आणि त्यांचा बांध फुटला.

“माह्या हातचा कूलर भी नको झाला तुले? हवा भी टोचते का माही?”

“आई, त्या गवतात...”

“राहू दे! काढूनच टाकतो मी त्याले!”

तरातरा त्या बाहेर रस्त्याच्या बाजूला गेल्या आणि कूलरची मागची जाळी त्यांनी हिसका देऊन उघडली. महिन्याभरापूर्वी स्वतः बसवलेलं ते पिवळंधमक गवत... काळं ठिक्कर पडलं होतं! हिसक्यासरशी कोळशाची भुकटी भसकन उडाली आणि त्यांच्या तोंडावर आली.

“अगं माय वं!”

पायल धावली. त्यांना ओट्यावर बसवून, डोळे चोळू न देता, स्वच्छ पाण्याची धार ती सोडत राहिली. प्रेमिलाबाईंचे डोळे लाल झाले, घळाघळा वाहू लागले. तेवढ्यात पुष्पलताबाई खिरीची वाटी घेऊन आल्या.

“अरे बापा! आता तुले कोनं रडवलं वं?”

प्रेमिलाबाईंनी डोळे कसेबसे उघडले. त्या काळ्या गवताकडे पाहिलं, सुनेच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं... आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“कोनं नाई रडवलं,” त्या म्हणाल्या. “माह्या सुनेले भी कोनं रडवलं नोयतं, पुष्पा. विहारात बसलेल्या बायाईले जाऊन सांग!”

मग पायलचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “तुले ठाऊक होतं ना? सांगतलं काहून नाई वं?”

“तुमी उकाड्यात झोपून राहिल्या होत्या, आई... माह्यासाठी. कसं सांगू?”

“अन् तू माह्यासाठी आंधळी होणार होती का? येडी कुठची!” असं म्हणत त्यांनी तिला छातीशी ओढलं, आणि आता दोघीही खरोखरच रडत होत्या.

संध्याकाळी नागसेन खाणीतली ड्युटी संपवून आला, तेव्हा सासू-सून मिळून कूलरमध्ये नवं गवत भरत होत्या. अंगणाकडच्या खिडकीत तो पुन्हा बसला, झोत खाटेवर न येता भिंतीकडे जाईल असा.

“आता बरे होतीन ना डोळे?” प्रेमिलाबाईंनी विचारलं.

“आत्ताच नाई सांगता येत, आई. आजार आतला हाय. थेंब सुरूच राहतीन, धंतोलीलेही जा लागन. पण नजर काही मी अशी सोडणार नाई.”

“सोडू भी नको. धंतोलीले मी येतो संगं.”

इतके दिवस थेंबांच्या ज्या बाटलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती त्यांनी फळीवरून काढली, हात साबणाने धुतले आणि सुनेच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“वर पाह्य वं पोरी.”

पायलने वर पाहिलं. धुरकट नजरेसमोर दोन लाल डोळे तिच्यावर वाकले होते. आणि थेंब पडेपर्यंत तिने पापणी हलू दिली नाही.