मेट्रोत हरवलेलं ईयाचं पातेलं

सरोजाअक्का स्टीलचं पातेलं पोटाशी धरूनच विद्युलताबाईंच्या घरात शिरल्या.

"हे माझं नव्हे. माझं मेट्रोत लांबवलं."

विद्युलताबाई खाजगी हेर. त्यांचे यजमान वसंतराव रेल्वेतून रिटायर झालेले, तपासात पिशवी धरायला. त्यांना एकदम तांबरमचे रेल्वे क्वार्टर्स आठवले. तिथं शेजारी अक्कांच्या सासूबाई ईयाच्या, म्हणजे शुद्ध कथलाच्या पातेल्यात सार उकळायच्या. त्या वासानं लोकल सिग्नल नसतानाही थांबायची. वसंतराव तसं शपथेवर सांगत.

"तेच पातेलं नणंदेला द्यायला निघाले," अक्का म्हणाल्या. "मऊ धातू, वाजवलं तर बद्द आवाज. सुनेनं फडक्यात गाठोडं बांधून दिलं. सामान तपासायच्या पट्ट्यावर ठेवलं, तेवढंच हातातून सुटलं. गाडीत मांडीवरच होतं. नणंदेकडे गाठोडं सोडलं, तर आत हे! पट्ट्यापाशी सुंदरी म्हणून पोरगी असते. तिची तक्रार केलीय. संध्याकाळी तिला काढतायत."

तिघं स्टेशनात गेली. गारेगार हवा, फलाटाला काचेची दारं. "गाडी यायच्या आधी तिचा वास यायला हवा," वसंतराव कुरकुरले.

सुंदरी डोळे पुसत होती. "अम्मा पर्समध्ये कार्ड शोधत होत्या. पट्ट्यावर ठेवायच्या आधी मी गाठ जरा सैल करून बोटानं वाजवलं. टण्ण वाजलं. म्हटलं, पातेलं आहे, जाऊ दे. घरात कमावणारी मी एकटीच, अम्मा."

"हीच ती चोर," वसंतराव कुजबुजले.

"अहो, पिशवी धरा."

मग अक्कांचं घर. सून प्राची नाशिकची, लग्नाला वर्षही झालेलं नाही.

"कॉफी करते." तिनं रिकामं भांडं ठेवून गॅस पेटवला आणि फ्रिजमधून दूध काढायला वळली. वसंतरावांचं लक्ष मुरुक्कूच्या, तिकडच्या चकल्यांच्या डब्याकडे.

"सार करतेस का गं?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"आई तंजावरला गेल्या होत्या तेव्हा केलं. जमलं नाही."

विद्युलताबाईंनी गॅस बंद केला.

"अक्का, गाठोडं पट्ट्यावर जायच्या आधीच टण्ण वाजलं. ईय असं वाजत नाही. सुंदरी चोर असती तर गाठ सैल केल्याचं आपणहून सांगून स्वतःच कशाला अडकली असती? आणि नेमकं त्याच मापाचं पातेलं तिनं आयतं कुठून आणलं? म्हणजे घरातूनच स्टील निघालं. बांधलं कुणी? प्राचीनं. अहो, आत्ता तिनं काय केलं?"

"कॉफी ठेवली."

"रिकामं भांडं विस्तवावर ठेवलं. ईयाच्या पातेल्यात आधी पाणी, मग विस्तव, नाहीतर लोण्यासारखं वितळतं. तंजावरकडच्या पोरींना हे सांगावं लागत नाही. नाशिकच्या पोरीला कुणी सांगितलंच नाही."

प्राचीनं तांदळाच्या डब्यातून एक चकचकीत गोळा काढला. "रोज सांगणार होते, आई. पण तुम्ही तुमच्या सासूबाईंच्या साराच्या गोष्टी काढायचात."

अक्का गोळ्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चप्पल घाल. त्या पोरीची नोकरी जाईल."

स्टेशनातल्या साहेबासमोर प्राची तोंड उघडणार, तोच अक्का बोलल्या. "पातेलं माझ्याच हातून वितळलं, सर. वय झालं, विसरले. सुंदरीचा काही दोष नाही."

"पण…" वसंतराव पुढं सरले.

विद्युलताबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.