रुपयाखालचा चेहरा

भर समुद्रातल्या कोळदुर्गावर झुंजुमुंजू झाले, तेव्हा तटाबाहेर फिरंगी गलबतांचा वेढा होता आणि आत टांकसाळीत किल्लेदार रायाजीराव मोकल घामाघूम उभे होते. दिवेलागणीला दर्यादरवाजा उघडण्याचे वचन त्यांनी शत्रूला गुपचूप दिले होते. त्याचे मोल, परदेशी चांदीच्या नाण्यांची थैली, त्यांच्या पदरात पडली होती. त्यातूनच पहारेकऱ्यांना बक्षिसी देऊन दरवाजावरून हटवायचे होते. पण त्या नाण्यांवर मुकुटधारी फिरंगी राजाचा चेहरा! तो कुणी पाहिला असता तर रायाजीरावांची धडगत नव्हती. वेढ्यात कोळसा संपलेला, चांदी वितळवणार कशी? तेव्हा तीच नाणी ऐरणीवर ठेवून वर आपल्या राजाच्या रुपयाचा अक्षरी छाप ठोकायचा, असे त्यांनी ठरवले.

"शिदबा, चेहरा साफ बुजला पाहिजे. राहिला तर हात कलम करीन!"

म्हाताऱ्या शिदबा कासाराने नाणे उलटसुलट पाहिले. त्याचा एकुलता एक मुलगा गेल्याच आठवड्यात दर्यादरवाजा राखताना तोफेच्या गोळ्याने पडला होता.

"कुठली म्हणायची ही, सरकार?"

"लुटीतली. नसत्या चौकशा नकोत!"

घण पडला. रायाजीरावांनी नाणे उचलून उजेडात धरले. अक्षरांच्या आडून तो राजा टक लावून पाहत होता. दुसऱ्या नाण्यातही तोच डोळा. शिदबाचे पोर असेच उघड्या डोळ्यांनी गेले होते, हे त्यांना नको तेव्हा आठवले.

"अरे, जोर लाव!"

"लावतोय, सरकार. पण जात नाही तो."

दिवस कलला, वेळ उरली नाही. अंधारात कोण बघतो, असे म्हणून रायाजीरावांनी नाणी वाटली. पहाऱ्याचा नाईक जिवाजी भोईर याने मात्र आपले नाणे मशालीशी धरले.

"किल्लेदार, हा कोण?"

रायाजीरावांनी नाणे हिसकावायला हात घातला, तसे नाइकाने त्यांनाच धरले. दरवाजा बंदच राहिला. उघडली ती तोफांची तोंडे, आणि पहाटेपर्यंत फिरंगी गलबते पांगली.

बेड्या घातलेल्या रायाजीरावांना तळघराकडे नेताना टांकसाळ वाटेत लागली. शिदबा परत गोळा केलेली तीच नाणी पुन्हा ठोकत होता. एकच घाव पडला आणि चेहरा पार पुसला गेला.

"हरामखोरा! काल हात हलका ठेवलास!"

"होय, सरकार," शिदबा मनगट चोळत म्हणाला. "घण उचलला की पोरगा मनगट धरत होता. आज सोडलं त्यानं."

रायाजीरावांनी ऐरणीकडे पाहिले. पलीकडे कुणीच नव्हते. तरी ते पहारेकऱ्याला चिकटून, अंग चोरत पुढे गेले.