कोमट टॉवेल

एक नवस मी बोलले होते. तो फळला नाही. पण मी तो सोडलाही नाही. दिव्याजवळ सरका, सांगते.

माझी धाकटी बहीण मॉडेल होती. आधी एका कपड्यांच्या दुकानाची कॅलेंडरं, मग पोहण्याच्या पोशाखांच्या जाहिराती, मग बघावं त्या बसथांब्यावर तीच. आत्या नाक मुरडायची, "मॉडेल म्हणे! अंगावर धड चिंधी नाही." धाकटी हसायची, "आत्या, चिंधीच विकायचीय, मग पोतं गुंडाळू का?"

त्या हसण्यामागचं मला ठाऊक होतं. उन्हाळ्याचे फोटो ऐन हिवाळ्यात काढतात, सकाळच्या गार समुद्रात. तोंडातून वाफ निघाली तर फोटोत थंडी दिसते. म्हणून या मुली आधी तोंडात बर्फ धरतात, आणि मग उन्हात उभ्या असल्यासारख्या हसतात. अशाच एका सकाळनंतर तिची छाती भरली. तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, "देवा, हिला उठव. हिच्या प्रत्येक शूटला मी कोमट टॉवेल घेऊन उभी राहीन."

ती उठली नाही. ज्याच्या कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने फूल काढलं होतं, तो तिचा पिवळा टॉवेल तिच्या अंगावर घातला, आणि त्यासकट तिला निरोप दिला.

पण देवाने ऐकलं नाही म्हणून आपण शब्द फिरवायचा का? दर हिवाळ्यात मी त्या किनाऱ्यावर जाते, गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून. कुणाची का लेक असेना.

यंदा बस वाटेत बंद पडली. पोचले तेव्हा दाट धुकं, खारट वास, आणि लाटांचा तेवढा आवाज. मेकअपवाली धावत आली.

"मावशी, आजच उशीर केलात! नवी पोर बुडता बुडता वाचली..."

मी वाळूतून धावत सुटले.

मुलगी वाळूवर बसली होती. ओठ निळे, पण अंगाभोवती टॉवेल घट्ट लपेटलेला.

"पायात गोळा आला, मावशी. त्या ताईंनी ओढलं मला..."

"कोणत्या ताई?"

तिने खडकाकडे बोट केलं. तिथं कुणी नव्हतं.

"मला वाटलं दुसरी मॉडेल," मेकअपवाली हळूच म्हणाली. "तोंडातून वाफ निघत नव्हती तिच्या. म्हटलं, बर्फ धरला असेल..."

"मी हिला एकटीलाच बोलावलं होतं," फोटोवाला म्हणाला.

मी टॉवेलला हात लावला. कोमट होता. पिवळा. कोपरा उलटून बघायचं धाडस होईना, तरी उलटला. लाल फूल.

मी आणलेला टॉवेल गरम पाण्याच्या पिशवीभोवती तसाच होता.

"काही... काही बोलल्या का गं त्या?"

"म्हणाल्या, माझ्या ताईची बस उशिरा येईल. तोवर मी आहे."

मी त्या पोरीला कुशीत घेतलं आणि पोटभर रडले. टॉवेलच्या घडीतून काहीतरी टपकन माझ्या हातावर पडलं. बर्फाचा खडा. दिव्याशेजारच्या त्या वाटीत बघा... अजून वितळलेला नाही.

तुमच्या ओळखीचं कुणी असं थंडीत कामाला उभं राहत असेल, तर एवढं करा. कोमट टॉवेल न्या. एक जास्तीचाही असू द्या. आणि कुणाच्या तोंडून वाफ निघत नसेल, तर घाबरू नका. जवळ जा, आणि तिलाही विचारा, "थंडी वाजतेय का गं, बाळा?"