नाव न घेता बोललेला नवस

घटस्थापनेच्या दिवशी देवळं उघडली, आणि कुमुदिनीबाई पिशवीत नारळ, बेलाची पानं आणि कापराची पुडी घालून संध्याकाळच्या बाहेर पडल्या. कोथरूडातल्या त्यांच्या सोसायटीपासून मृत्युंजयेश्वराचं देऊळ चालत जाण्याजोगं. चपला घालताना आतून गोपाळरावांचा आवाज आला, "लवकर ये. भूक लागलीय."

"आत्ता तर थालीपीठं खाल्लीत..."

त्यांनी दार ओढून घेतलं.

त्यांना नवस फेडायचा होता. अडचण एवढीच, की तो कुणाला बोलला होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

असं कसं होईल, म्हणाल. जिने जन्मात सोमवार सोडला नाही, तापातही संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय पाणी घेतलं नाही, तिच्याकडून अशी चूक? त्यांच्या आईने तर परकर-पोलक्याच्या वयातच बजावलं होतं, "नवस बोलताना आधी देवाचं नाव घ्यावं, मग मागणं. पत्ता न घालता टाकलेलं पत्र कुणाच्याही हाती लागतं गं."

पण तो चैत्रच तसा होता. नवराबायको दोघंही तापाने पडलेली. गोपाळरावांना धाप लागली तशी रुग्णवाहिका येऊन त्यांना घेऊन गेली, आणि कुमुदिनीबाई घरात एकट्या राहिल्या. दाराबाहेर डबा ठेवून माणसं जिना उतरून पळत. देवळांना कुलपं. रस्त्यावर सायरनचा आवाज तेवढा चालू.

तिन्हीसांजेला इस्पितळातून फोन आला. कुणीतरी थकलेल्या आवाजात म्हणालं, गोपाळकृष्ण म्हणजे तुमचेच ना, आम्ही खूप प्रयत्न केले हो... सकाळी या, पण चेहरा बघता येणार नाही.

दिवा लावायचा राहिला. त्या गॅलरीत गेल्या. कुंडीतला मोगरा ओथंबून फुलला होता आणि त्याच्या वासाने गॅलरी भरून गेली होती. कठडा घट्ट धरून त्या अंधाराकडे बघत पुटपुटल्या, "ह्यांना घरी आण. माझं काहीही घे. काहीही घे, पण घरी आण."

खालून कुणीतरी हलकेच म्हणालं, "बरं."

त्यांनी वाकून पाहिलं. पार्किंगमध्ये झाकणं घातलेल्या स्कूटर तेवढ्या उभ्या होत्या. फोनवर बोलत कुणी गेलं असेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. नावात गोंधळ झाला होता म्हणे, माफ करा. तुमचे पेशंट ठीक आहेत, प्राणवायू वाढतोय.  कुमुदिनीबाई रडल्या, हसल्या, दिसेल त्या देवाचे आभार मानले. मोगऱ्याचा वास गेला आहे हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं. मग जिभेवर साखर ठेवली. वाळू चघळावी तसं लागलं.

"हे सगळ्यांचंच होतंय," डॉक्टर म्हणाले. "येईल हळूहळू. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगत जा." कुमुदिनीबाईंनी त्याचंही व्रतच केलं. चार स्टीलच्या डब्या देवापुढे मांडायच्या, अंघोळ करून एकेक नाकाशी धरायची, नाव घ्यायचं, आठवायचं. जाऊन जाऊन नाक-जीभ गेली, कुंकू तर राहिलं, असं त्या मनाशी म्हणायच्या आणि वरणात अंदाजाने मीठ घालायच्या. नाहीतरी नैवेद्याचा स्वयंपाक त्यांनी कधी चाखला नव्हता. हाताला सवय होती.

गोपाळराव घरी आले ते खूप खाऊ लागले.

पूर्वी ते पोळी मोडत मोडत वर्तमानपत्र वाचायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "आज मीठ रजेवर आहे वाटतं." एवढंच त्यांचं जेवणातलं लक्ष. आता ते प्रत्येक घास तोंडात धरून डोळे मिटायचे.

"आमटीत चिंचेऐवजी आमसूल घातलंस."

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं आता."

एकदा पुरणपोळी खाताना ते म्हणाले, "तुझी आई जायफळ जास्त घालायची. शेवटी जीभ जराशी बधिर व्हायची. छान लागायचं." कुमुदिनीबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. आई त्यांच्या लग्नाआधी गेली होती. गोपाळरावांनी तिला पाहिलंदेखील नव्हतं.

मिठावरून टोमणा मात्र त्यांनी पुन्हा कधी मारला नाही.

आषाढात धुण्याभांड्याची शकू काम सोडून गेली. पदर नाकाला लावून दारातच उभी राहिली. "वहिनी, घरात काय तरी मेलंय बगा. पलंगाखाली बगितलं, माळ्यावर बगितलं. उंदीर न्हाई, घूस न्हाई. सायबांच्या खोलीत तर उभं ऱ्हावत न्हाई."

"पावसाचा कोंदट वास असेल गं."

"कोंदट न्हाई हा," शकू आणखी हळू म्हणाली, "तुमी बी नका ऱ्हाऊ..." आणि पगाराचं न विचारता जिना उतरली.

समोरच्या पद्मजाताईंनी तर दाराच्या फटीला टॉवेल लावला. जिन्यात भेटल्या की पदर सावरायच्या. "कुमुदिनीताई, कचरा घंटागाडीला देता ना? की संग्रह करताय?" आणि एकदा, टोमण्याची धार जराशी ओसरून, "तुम्हाला वास येत नाही ही देवाची कृपाच म्हणायची हो."

कुमुदिनीबाईंनी घर फिनाईलने पुसलं. पडदे, गाद्या, उशा उन्हात घातल्या. गोपाळराव खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी उदबत्ती बंद करायला लावली. धूप बंद करायला लावला. मग एका सकाळी देवापुढच्या चारही डब्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या दिसल्या.

"अहो, लवंगा, गुलाब..."

"कशाला हवाय वास?" ते म्हणाले. "मी घरी हवा होतो ना? मग आहे ना घरी."

हे बोलताना ते हसत होते. कुमुदिनीबाईंनी डब्या पुसून परत जागेवर ठेवल्या. रिकाम्याच.

पितृपक्षात कावळे आले. कठड्यावर सासूसासऱ्यांसाठी ठेवलेल्या पानाकडे ते ढुंकून पाहत नव्हते. ओळीने बसून, माना वाकड्या करून, खोलीत गोपाळरावांच्या खुर्चीकडे बघत राहिले. अंधार पडेपर्यंत.

म्हणून आज देऊळ. मृत्युंजयेश्वरापुढे नारळ ठेवून त्या म्हणाल्या, "तूच ऐकलं असशील तर हा घे. दुसऱ्या कुणी ऐकलं असेल, तर..."  पुजाऱ्यांनी आरती फिरवली. त्यांनी ज्योतीवरून हात फिरवून तोंडावर घेतले, आणि त्या हातांत काहीतरी होतं. थंड, टोचरं. नाकातून थेट डोळ्यांत गेलेलं.

कापूर!

केवढा आनंद झाला त्यांना! तिथेच उभ्या राहून त्या ओंजळ हुंगत राहिल्या. परतताना रस्ताभर नाकाने देवाचं दान वेचलं : झेंडूच्या माळा, रॉकेलचा स्टोव्ह, भाजणारं कणीस, बसचा धूर. धूरसुद्धा गोड वाटला. आता घरी जाऊन ह्यांना सांगायचं, या विचाराने त्या जिना चढल्या.

दुसऱ्या मजल्यावर पाय मंदावले.

तिसऱ्यावर त्यांनी पदर नाकाला लावला.

पिशवीत विसरलेलं निर्माल्य कुजतं, तसा वास. गोडसर आणि दाट. आणि त्याच्या खाली आणखी एक. हा दुसरा त्यांच्या ओळखीचा होता. सासरे गेले तेव्हा परदेशातल्या दिरांची वाट बघत बर्फ घालून ठेवलं होतं, ती खोली. वास त्यांच्याच दाराखालून येत होता, आणि दारापाशी तो इतका होता की डोळ्यांत पाणी आलं.

मागे पद्मजाताईंचं दार होतं. फटीला टॉवेल. बेल दाबली असती तर त्यांनी उघडलं असतं. टोचून बोलल्या असत्या, पण आत घेतलं असतं. कुमुदिनीबाईंचा हात बेलपर्यंत गेलाही.

"कुमुद?" आतून आवाज आला. ह्यांचाच. अगदी ह्यांचाच. "आलीस?"

मग त्यांना तो पहिला फोन आठवला. दिवा न लावलेलं ते घर आठवलं. रिकामा पलंग, खुंटीवरचा शर्ट आणि त्यापुढची सगळी वर्षं.

हात खाली आला. डोळे मिटून, ओठसुद्धा न हलवता, त्या मनात म्हणाल्या, हा वास नको. ह्यांना राहू दे. काहीही घे, पण हे राहू देत...

नाव घ्यायचं राहिलं होतं. या खेपेलाही.

"बरं," दाराच्या अगदी पलीकडून गोपाळराव म्हणाले.

आणि वास गेला. फुंकर घालून दिवा मालवावा तसा. ओंजळीतला कापूरही गेला.

दार उघडलं. कुमुदिनीबाई आत गेल्या, पाय धुतले, देवापुढे बसल्या. तिन्हीसांज होती. आज त्यांनी दिवा लावायचा राहू दिला नाही. वात पुढे सारली, हात जोडले, उजव्या हाताने घंटा उचलली आणि हलवली.

घंटेचा लोळा या कडेवर आदळला, त्या कडेवर आदळला. पितळेची थरथर बोटांना कळली, कानांना नाही.

त्यांनी पुन्हा हलवली. जोरात.

खुर्चीतल्या गोपाळरावांनी मान तिरकी केली होती. डोळे मिटले होते. पहिल्यांदाच काहीतरी गोड ऐकावं, तसे ते ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणाले, ते कुमुदिनीबाईंना कळलं नाही.