सीडीतली म्हैस

म्हैस सीडीत होती आणि सीडी चालत नव्हती.

हे वाक्य वामनने आपल्या दुकानात दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने समोरच्या बाईला बसायला स्टूल दिलं आणि पाणी पाजलं. त्याच्या मते हे उन्हाचं प्रकरण होतं.

सन दोन हजार पाच. जुन्या जालन्यात कापडाच्या दोन ठोक दुकानांमध्ये चिणलेल्या त्या गाळ्यावर पाट्याही दोन होत्या. डावीकडे: ‘वामन सीडी सेंटर. अडकलेली, ओरखडलेली, पोरांनी चाटलेली सीडी चालू करून मिळेल.’ उजवीकडे: ‘उमा खाजगी तपास. लग्नाआधीची चौकशी गुपचूप. झेरॉक्सही.’ उमा वामनची मावसबहीण. तिचं डोकं चाले, वामनचे हात चालत आणि झेरॉक्सचं मशीन कधीच चालत नसे.

“नीट सांगा ताई,” उमा पलीकडून म्हणाली. “म्हैस सीडीत कशी गेली?”

बाईचं नाव तारा. केदारखेड्याची, आठ दिवसांची नवी सून.

“माझे धाकले मामंजी, कडूबा. सासऱ्यांचे भाऊ. लग्नात माइकवर म्हनले, नव्या सुनंला माझी चंद्री म्हैस आहेर. आता म्हनतात, मी स्टीलचा हंडा म्हनल्तो. उद्या बाजारात चंद्रीला विकून राह्यले.”

“पाचशे माणसांनी ऐकलं असेल की.”

“न्हाई ना! त्याच टायमाला पंगतीत जिलबी आली.”

उमाने समजून मान हलवली. जिलबी आल्यावर आपल्याकडे माइकला कुणी विचारत नाही.

“आणि नवरदेव?”

“त्यांना झेंडूच्या हाराची शिंक चालू होती. पर कॅमेरा स्टेजसमोर स्टँडवर चालू होता.” ताराचे डोळे भरले. “म्हैस गेली तं जाऊ द्या. पर सगळा गाव म्हनतो, नवी सून पहिल्याच आठवड्यात खोटं बोलती.”

परवा सकाळी व्हिडिओवाल्या वसंताने सीडी घरी आणून दिली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. दिवसभर ती टीव्हीवर पडून होती; कडूबा बिडीला काडी मागायला येऊन गेला, वसंता विसरलेली वायर न्यायला. सासरे काकासाहेब घरातच होते. संध्याकाळी सीडी लावली, तर मशीन म्हणतं सीडीच नाही.

“दुसरी कॉपी?”

“वसंताभाऊनं कॅमेऱ्यातली कॅसेट पुसून दुसरं लगीन भरलं. मंग मामंजीच म्हनले, जालन्याला जा, दुरुस्त होती का बघ.”

“काकासाहेब स्वतः म्हणाले?”

“हो. तेवढंच बोलले ते ह्या आठवड्यात.”

वामनने सीडी साबणाच्या पाण्यात धुतली, भोकाकडून काठाकडे सरळ पुसली आणि ट्यूबलाइटखाली धरली. आता तो तज्ज्ञ होता. दिवसातून अशी पाच मिनिटं त्याला मिळत.

“छापील बाजू साफ. चकाकत्या बाजूला, भोकाजवळ बोटभर पट्ट्यात रेघा. बाहेर आरशासारखी कोरी. आडव्या रेघा परवडल्या, उमाताई, पण ह्या गोल आहेत. अगदी नेमक्या गोल. फक्त भोकाला धरून नाहीत, जरा एका अंगाला सरकल्यात.”

“आणि भोकाजवळ काय असतं?”

“सुरुवात. मशीन सीडी आतून बाहेर वाचतं. पहिल्यांदा तिची अनुक्रमणिका, मग सिनेमा. अनुक्रमणिकाच गेली, तर मशीन काय वाचणार?”

“निघेल?”

“पांढरी पेस्ट, मऊ फडकं आणि तासभर धीर. जेल चालत नाही, मी एकदा दात घासून पाहिलेत.”

“दोन्ही घे. जेल सोडून. ताईंच्या गावी जाऊनच घास, हे कुणी केलं तेही बघू.”

काळीपिवळी जीपमध्ये वामन एका बोकडाच्या शेजारी बसून केदारखेड्याला पोचला. वाटेत बोकडाने त्याच्याशी उमापेक्षा जास्त संवाद साधला.

वसंताचा स्टुडिओ स्टँडजवळच होता. त्याने हात झटकले.

“मी कशाला खराब करू ताई? अन् करायचीच असती तं छापील बाजूला एक खिळा मारला असता. खेळ खलास! वामनभाऊला इचारा.”

“बराबर आहे,” वामन म्हणाला. “सगळा माल छापील बाजूच्या लगेच खाली असतो. चकाकती बाजू नुसतं जाड प्लॅस्टिक. तिथलं घासून निघतं.”

“सीडीत पहिल्यांदा काय आहे?” उमाने विचारलं.

वसंता टोपीशी खेळू लागला. “मंगलाष्टकं... म्हंजे, पंखा.”

“पंखा?”

“कॅमेरा वर सरकला अन् मला कळलं न्हाई. बारा मिनिटं मांडवाचा पंखा हाय. आवाज मंगलाष्टकांचा.”

बाहेर येताच वामनने उमाचा दंड पकडला. “सापडला! सुरुवातीला पंखा, ओरखडे सुरुवातीला. लाज वाचवायला केलं!”

“छान,” उमा म्हणाली. “आता म्हशीकडे जाऊ.”

कडूबा चंद्रीला धूत होता. उद्याच्या बाजारासाठी तिच्या शिंगांना तेल लावून झालं होतं. चंद्री नवरीसारखी लाजून उभी होती.

“ती ताटली मी खराब केली?” कडूबा उखडला. “मला तं तिचं उलटं-सुलटं बी कळत न्हाई. नको असती तं चंद्रीपुढं टाकली असती. मागं तिनं माझं बनियन खाल्लं, बटनासकट.”

“बनियनला बटन?” वामनने विचारलं.

“तवा होतं,” कडूबा म्हणाला. त्याची बायको पुष्पाबाई मागून म्हणाली, “हंडा बी न्हाई दिला अजून ह्यांनी,” आणि गोठ्यात गेली.

काकासाहेब ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. ते हसल्याचं केदारखेड्यात कुणी पाहिलं नव्हतं. एका फोटोत हसल्यासारखे दिसत, पण तेव्हा ऊन डोळ्यांत गेलं होतं. त्यांच्यासमोर कुत्रीसुद्धा रांगेत भुंकत.

वामन पेस्ट काढून कामाला लागला. उमा आत डोकावली. टीव्हीशेजारी भरतकामाचा रुमाल टाकून एक लाकडी पेटी ठेवली होती.

“काका, हे काय?”

“रेकॉर्डचं मशीन.” काकासाहेबांचा आवाज पहिल्यांदा थोडा उबदार झाला. “तीस साल लग्नं वाजवली मी. चाळीस गावं, दोन भोंगे. सुई मधल्या कागदापाशी यायच्या आत दुसरी तबकडी हातात तयार. एका बी लग्नात गाणं तुटलं न्हाई.”

“अजून फिरतं?”

“फिरतं न तं काय? परवाच तेल घातलं.”

उमाने रुमाल उचलला. चकतीच्या मधोमध पेन्सिलीएवढा बारीक खिळा होता. तिने चकती बोटाने फिरवली, ती बिनआवाज फिरली. वामननेही ते पाहिलं. मग त्याने चहा कुठवर आला ते पाहिलं.

“तारा, सीडीत शेवटी काय आहे?”

“माझी बिदाई. पर कुणी बघितलीच न्हाई अजून.”

काकासाहेब खांबाकडे बघायला लागले.

तासाभराने ओसरीवर सगळे जमले: तारा, शिंकणारा नवरा गजानन, वसंता, कडूबा, पुष्पाबाई, आणि काही कारण नसलेली अठरा माणसं. वामन अजून घासत होता, भोकाकडून काठाकडे, सरळ.

“वसंताने हे केलेलं नाही,” उमाने सुरुवात केली. वामनचा हात थबकला. “सीडी कशी मारायची हे त्याला पक्कं माहीत आहे. तो चुकीची बाजू खरवडणार नाही.”

“मंग कडूबाच!” मागून कुणीतरी म्हणालं.

“कडूबाकाकांच्या हातून इतक्या नेमक्या गोल रेघा येणार नाहीत. कुणाच्याच हातून नाही. त्यासाठी सीडी फिरायला हवी आणि टोक एका जागी स्थिर हवं. म्हणजे फिरणारं मशीन. पण रेघा भोकाला धरून नाहीत. का? कारण सीडीचं भोक मोठं आणि मशीनचा खिळा बारीक. सीडी एका अंगाला सरकली.”

अठरा माणसांनी आत रुमालाकडे पाहिलं.

“आता खरी गंमत. ज्याने केलं त्यानेच दुरुस्तीला पाठवलं. म्हणजे त्याला सगळी सीडी मारायची नव्हती, थोडीच नको होती. कोणती? वामन म्हणतो भोकाजवळ सुरुवात असते. पण तीस वर्षं रेकॉर्डी वाजवलेल्या माणसाला विचारा. त्याची सुई काठाला ठेवतात आणि मधल्या कागदापाशी गाणं संपतं. त्याच्या हिशेबाने भोकाजवळ शेवट असतो.” ती वळली. “काका, तुम्हाला बिदाई पुसायची होती. तुम्ही अनुक्रमणिका पुसलीत.”

ओसरीवर फक्त गजानन शिंकला.

काकासाहेबांनी बराच वेळ पागोटं नीट केलं. “दाभण धरलं व्हतं,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, शेवटचा थोडा जाईल. म्हशीचं तं मधी हाय. पर समदंच बंद पडलं. अन् पोरीला खोटं म्हनायला लागले लोक. सांगायला गेलो तं... तोंड उघडंना.”

“पर बिदाईत हाय काय असं?” कडूबाने विचारलं.

“वामन?”

वामनने सीडी धुतली, पुसली, मशीनमध्ये सरकवली. मशीन घुरघुरलं. थांबलं. विचारात पडलं.

मग पंखा दिसला.

ओसरीने टाळ्या वाजवल्या. बारा मिनिटं सगळ्यांनी तो पंखा भक्तिभावाने पाहिला. मग हार, शिंका, आहेर, आणि माइकवर कडूबा, डोक्याला फेटा, छाती पुढे: “नव्या सुनंला माझी चंद्री म्हैस! दावं अन् घंटीसकट!”

ताराने मान वर केली आणि गावाकडे एकदा सावकाश बघून घेतलं. मागची अठरा माणसं एकाएकी आपापल्या चपला शोधू लागली.

“घंटी बी म्हनलो मी?” कडूबा पुटपुटला.

आणि शेवटी बिदाई. पडद्यावर वऱ्हाडाचा ट्रक आधीच निघून गेला होता आणि तारा पाठमोरी, धीराने जीपकडे निघाली होती. तिचे वडील धीराने उभे होते. आणि त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होते नवरदेवाचे बाप काकासाहेब. मुलीचा बाप त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, “दादा, पोरगी माझी चाललीय. तुमी काहून रडता?” आणि काकासाहेब हुंदक्यातून: “मला पोरगीच न्हाई हो! आज पहिल्यांदा आली!”

कुणी हसलं नाही. तारा उठली, सासऱ्यांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “मामंजी, हे खरवडायचं होतं तुमाला?”

काकासाहेब हसले. ओसरीवर ऊन कुठंच नव्हतं.

संध्याकाळच्या आत म्हैस ताराच्या दारी निघाली. पुष्पाबाईने तिला कुंकू लावलं, ओटी भरली. ओटीतला नारळ चंद्रीने हुंगला. दोन घरं ओलांडायची होती, पण गल्ली गोळा झाली. आणि ऐन दारात कडूबाने चंद्रीच्या गळ्याला मिठी मारली आणि असा हंबरडा फोडला की चंद्रीसुद्धा दचकली.

काकासाहेब पुढे झाले आणि भावाची पाठ थोपटू लागले.

“आवर कडूबा, आवर. रोज दूध प्यायला ये.”

वसंता कॅमेरा घेऊन धावत आला. ह्या वेळी त्याने पंखा आहे का ते आधी वर बघून घेतलं.